घाटाच्या गाडीचा टायर

आकाराम पडला तेव्हा वर्षाराणी त्याच्या मागंच होती. ऐकीव गोष्ट असती तर तिनंही कदाचित मान डोलावली असती. पण तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि पुढचा सगळा तंटा तिथूनच सुरू झाला.

दोघंही एका खासगी डेअरीच्या नोकरीत. जनावरांचा दवाखाना गगनबावड्याला आणि ऑफिस कोल्हापुरात, शाहूपुरीत. वर्षाराणी डॉक्टर, तिशी नुकतीच गाठलेली, राधानगरीकडच्या शेतकरी घरातली. तिकडच्या बायका बोलतात तशी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. आकाराम तिचा मदतनीस. नोकरीनं हाताखालचा, वयानं बापाच्या जागी. ती त्याला मामा म्हणायची. तो तिला लोकांसमोर मॅडम म्हणायचा आणि एरवी पोरी. डेअरीनं दोघांना मोटारसायकली दिल्या होत्या. मागं औषधाची पेटी बांधायची आणि जिथं म्हैस अडली, गाय तापली, त्या वाडीवर जायचं. पावसाळ्यात तिकडचे रस्ते म्हणजे वर शेवाळ, खाली ट्रॅक्टरनं रानातनं ओढून आणलेला लाल चिखल.

त्या दिवशी लसी टोचून दोघं परतत होती. भर दुपार, पाऊस भुरभुरत होता. असळजच्या पुढं एक डावं वळण आहे. आकारामची मिशी त्याच रस्त्यावर पांढरी झालेली. तो इतक्या बेतानं चालला होता की वर्षाराणीला मनातनं घाईच झाली होती. वळणावर गाडी जराशी कलली, आणि साबणाची वडी हातातनं निसटावी तसं पुढचं चाक निसटलं. ना ब्रेक लावला होता, ना समोर कोणी आलं होतं. गाडी एका अंगावर गेली आणि आकारामचा डावा खांदा तिच्याआधी डांबरावर टेकला.

ती गाडी कडेला टाकून धावली. आकाराम उताणा पडून वर बघत होता. "पेटी बघ पोरी," तो म्हणाला, "बाटल्या फुटल्या काय?"

बाटल्या शाबूत होत्या. खांद्याचं हाड मोडलं होतं.

आठवड्याभरानं शाहूपुरीतनं उदयसिंहांचा फोन आला. डेअरीच्या सगळ्या गाड्या आणि त्यांची खरेदी त्यांच्याकडं. माणूस वाईट नव्हता, पण तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यती मारलेला. गाडी पडली की चूक चालवणाऱ्याची, हे त्यांचं ठाम मत.

"मॅडम, तुम्ही मागं हुता. आकाराम वेगात हुता, येवढं सांगून टाका. विषय मिटवू."

"वेगात न्हवते, सायेब."

"मग पडला कसा?"

"टायर सरकला."

"टायर सरकत न्हाई मॅडम, माणूस सरकतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चूक आकारामची ठरली तर त्याला घाटातनं काढून कोल्हापूरच्या गोदामात बसवणार, हे ठरल्यातच जमा होतं. ती त्याच्या घरी गेली. हात गळ्यात बांधून तो ओट्यावर बसला होता. तिनं फोनची गोष्ट सांगितली. त्यानं सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, "म्हण की, वेगात हुता म्हणून. मिटवून टाक. गोदामात काय, सावलीत बसायचं. पोती मोजायची."

"तुमी पोती मोजणार?"

"मग काय करू? ह्या वयात सायबाशी भांडू?"

त्याचा आवाज बसका होता. ज्या माणसानं तिला पहिल्या वर्षी मारक्या म्हशीजवळ कुठल्या बाजूनं जायचं ते शिकवलं, तो असा बोलतोय हे तिला सोसवेना. पण नुसती कणव नव्हती ती. तिच्या गाडीलाही तेच टायर होते.

"मामा," ती म्हणाली, "उद्या त्याच वळणावर मी पडलो, तर माझी बी चूकच ठरणार. मी न्हाई म्हणणार वेगात हुता म्हणून. तुमी म्हणला तरी मी न्हाई म्हणणार."

महिन्याच्या मिटिंगला उदयसिंहांनी आकारामच्या गाडीचा पुढचा टायर काढून आणून चक्क टेबलावर ठेवला. चहाचे कप बाजूला सरकवावे लागले.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "दोन पावसाळं खाल्लेत ह्यानं. नक्षी जशीच्या तशी! अजून दोन खाईल. असला माल मी तुमास्नी देतो, आणि वर मलाच म्हणत्यात, टायर सरकला."

वर्षाराणी उठली. टेबलाजवळ गेली आणि अंगठ्याचं नख टायरमध्ये रुतवायला गेली. नख वाकलं, रबर ढिम्म. तिनं पुन्हा दाबलं, तेवढ्यात नखाचा तुकडा पडला.

"सायेब, ह्यो झिजत न्हाई म्हणून तुमी कौतुक कराय लागलाय. रस्त्याला धरला असता तर झिजला असता की! ह्यो धरतच न्हाई, मग झिजंल कशाला? झिजले ते आकाराममामा."

शेजारी बसलेल्या कृष्णातनं, आकारामच्या जागी नव्यानं आलेल्या मदतनिसानं, तिची ओढणी हळूच खाली ओढली. उदयसिंहांचा चेहरा तांबडा झाला, पण ते हसले.

"मग तुमीच आणा की! घाटात घसरणार न्हाई आणि वर्षभर घासणार बी न्हाई, असा टायर दाखवा. मी सगळ्या गाड्यांना बसवतो."

आता मात्र सगळी हसली. असा टायर नसतो, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"दाखवतो," वर्षाराणी म्हणाली.

मिटिंग सुटल्यावर ती कृष्णातला घेऊन थेट सम्राटच्या दुकानात गेली. शाहूपुरीतच, गल्लीच्या तोंडाशी, छतापर्यंत टायर रचलेलं दुकान. सम्राटनं कृष्णातकडं बघून विचारलं, "बोला भावा, कुठली गाडी?" कृष्णातनं अंगठ्यानं वर्षाराणीकडं दाखवलं.

"गाडी माझी हाय," ती म्हणाली. "घाटात पावसात चालवतो. मागं पेटी असती. टायर पाहिजेत."

"ताई, ग्रिप पाहिजे का लाईफ?"

"दोन्ही."

सम्राट हसला. "दोन्ही एकात कुठलं मिळालंय? मऊ रबर रस्त्याला धरतंय, पण चंदनासारखं उगाळून जातंय. कडक रबर टिकतंय, पण पावसात हात सोडतंय. नवरा देखणा बी पाहिजे आणि भांडी बी घासाय पाहिजे, असं व्हतंय काय?"

"तसला गावला न्हाई, म्हणूनच टायर शोधालोय. दाखवा."

त्यानं एकेक टायर खाली काढला. तिनं प्रत्येकात नख रुतवून बघितलं, पाणी निघून जायला खाचा किती खोल आहेत ते बघितलं. शेवटी सगळ्यात मऊ होता त्यावर बोट ठेवलं. पुढं तोच, मागंही तोच.

"मागं ह्यो नका घेऊ," सम्राट म्हणाला. "वजन मागं, इंजिनाचा जोर मागं. लवकर जाईल."

तिनं ऐकलं नाही. मिटिंगमधलं हसू अजून कानात होतं, आणि निम्म्यावर थांबायची तिची तयारी नव्हती. टायर तिनं स्वतःच्या पगारातनं घेतले. सम्राटनं ते चढवले, हवा मोजून भरली आणि बजावलं, "चार दिवस सांभाळून. नव्या रबरावर तुकतुकी असती, ती जाऊस्तवर धरत न्हाई."

चार दिवस ती इतकी हळू चालली की कृष्णात पुढं जाऊन चहा पिऊन तिची वाट बघायचा. नंतर मात्र फरक कळायला लागला. वळणात गाडी कलली की खालनं कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटायचं. ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी बसायची. त्या पावसाळ्यात ती एकदाही पडली नाही. कृष्णात दोनदा पडला. दोन्ही वेळा चिखलात, म्हणून निभावलं. पण टायर बदलायला तो काही तयार होईना. "तुमचं चालू द्या मॅडम," तो म्हणायचा. "मी नवा हाय, मला नोकरी पाहिजे."

पाऊस गेला, उसाचा हंगाम लागला. आता रस्ते कोरडे, गरम, आणि दर आठवड्याला औषधं आणायला कोल्हापूरची सरळ वाट. शिमग्याच्या सुमाराला तिनं शाहूपुरीत गाडी लावली, तेव्हा उदयसिंह दारातच उभे होते. ते खाली आले, गाडीमागं उकिडवे बसले आणि मागच्या टायरवरनं सावकाश हात फिरवला. मधला पट्टा पाटासारखा सपाट झाला होता.

"काय हो मॅडम," ते मोठ्यानं म्हणाले, ऑफिसातली माणसं खिडकीत येतील इतक्या मोठ्यानं, "ह्याच्यापेक्षा माझं टक्कल खडबडीत हाय की!"

खिडकीतली माणसं हसली.

"वर्ष न्हाई टिकला. तुमीच म्हणला हुता, दाखवतो. बघितला. आता जुने टायर परत बसवा. डेअरीच्या गाडीला बाहेरचं सामान चालायचं न्हाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरचा होता. तिनं गाडी ढकलतच सम्राटच्या दुकानात नेली.

"मागचा गेला," ती म्हणाली. "तू सांगितलं हुतंस. मी ऐकलं न्हाई. आता परत सांग."

सम्राटला जिंकल्याचा आव आणता आला असता. पण तो पुढच्या चाकाजवळ बसला आणि खाचेत काडी घालून बघितली. "ह्यो बघा. निम्म्याच्या वर शिल्लक हाय. पुढच्याला झीज कमी. आणि ताई, घाटात पाडतो कोण? पुढचा. ब्रेकचा भार पुढं येतो, वळायचं काम पुढचा करतो. मागचा घसरला तर माणूस कसंबसं सावरतंय. पुढचा गेला की गेलाच."

"मग मऊ फक्त पुढं."

"पुढं मऊ. मागं हे." त्यानं एक टायर ओढून काढला. "मधी कडक, कडंला मऊ. सरळ रस्त्याला मधल्या पट्ट्यावर पळतंय, टिकतंय. वळणात कलला की कडा टेकत्यात, त्या धरत्यात. पुढच्याइतकं न्हाई धरणार, आणि तुमच्या सायबाच्या टायरइतकं न्हाई टिकणार. खोटं कशाला सांगू."

"पण वर्ष जाईल?"

"हवा दर आठवड्याला बघितली तर जाईल."

तिनं मागं तो चढवला. जुने टायर दवाखान्याच्या कोपऱ्यात तसेच पडून राहिले.

वैशाखात उदयसिंहांनी एक मेकॅनिक पाठवला. बिचारा ऊन खात कोल्हापूरहून आला होता. वर्षाराणीनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली आणि पान्याला हात लावू दिला नाही. "सायबांना सांग," ती म्हणाली, "टायर काढायचे असतील तर स्वतः या. पण उन्हाळ्यात नको. पावसात या. आणि जुने टायर ज्या गाडीला हायत, ती गाडी घाटात एकदा चालवा. मग मी माझ्या हातानं काढून देतो."

हा निरोप तिखटमीठ लागून शाहूपुरीत पोहोचला. नोकरी जाणार, असं कृष्णात तिला रोज सांगायचा. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण गेली तर टायरसह जाऊ दे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आषाढात, पाऊस आठवडाभर थांबायचं नाव घेत नसताना, उदयसिंह खरोखरच आले. जीपमधनं उतरले, रेनकोट चढवला आणि म्हणाले, "कुठं हाय ती गाडी? चालवून दाखवतो. मग पाना हातात घ्यायचा."

कृष्णातनं किल्ली पुढं केली. तेवढ्यात फोन आला. खालच्या वाडीवर शालूबाईची म्हैस अडली होती; रेडकाचा एक पाय बाहेर, दुसऱ्याचा पत्ता नाही. वर्षाराणीनं पेटी बांधली.

"सायेब, मला जायला पाहिजे. तुमी बसा, न्हाईतर मागनं या."

"मागनं कशाला, बरोबरच येतो," उदयसिंह म्हणाले आणि कृष्णातच्या गाडीला त्यांनी एका दणक्यात किक मारली.

ते चालवत होते झकास, हे तिला आरशात दिसत होतं. खांदे सैल, मांड पक्की. उतार लागला तसा त्यांनी वेगही कमी केला, कुणीही शहाणा माणूस करेल तसा. वाडीच्या अलीकडं झाडीतनं दोन म्हशी एकदम रस्त्यावर आल्या. वर्षाराणीनं दोन्ही ब्रेक दाबले. गाडीनं नाक खाली घातलं आणि म्हशीच्या शेपटीपासनं हातभर अंतरावर उभी राहिली. तिच्या उजव्या बाजूनं काहीतरी घसरत पुढं गेलं. आधी गाडी, मग रेनकोट घातलेले उदयसिंह. दोन्ही म्हशींच्या मधनं ते आरपार निघाले आणि कडेच्या चरात जाऊन बसले. म्हशींनी मान वळवून बघितलं.

धावत जाऊन वर्षाराणीनं त्यांचे हात, खांदे, गुडघे चाचपले. कुठं मोडलं नव्हतं. तळहात सोलला होता आणि मिशीपासनं बुटापर्यंत चिखल झाला होता.

उदयसिंह आपण होऊनच म्हणाले, "मी वेगात न्हवतो."

"आकाराममामा बी न्हवते," वर्षाराणी म्हणाली.

तिनं त्यांना उठवलं, पेटी सोडून त्यांच्या मांडीवर दिली, आपल्या मागं बसवलं आणि गाडी वाडीकडं घातली. मागं बसलेला माणूस उरलेल्या उतारावर प्रत्येक वळणाला खाली चाकाकडं वाकून बघत होता.

गोठ्यात म्हैस आडवी पडून धापा टाकत होती. वर्षाराणीनं बाह्या वर केल्या, साबण-पाणी घेतलं आणि आडवं होऊन खांद्यापर्यंत हात आत घातला. रेडकाचा दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागं राहिला होता. कळ थांबली की ढकलायचं, कळ आली की थांबायचं, असं करत करत तिनं तो पाय वळवून बाहेर आणला. तिचा स्वतःचा हात बधिर झाला होता. पायांना दोरी बांधून ती ओरडली, "वढा!"

ओढायला शालूबाई आणि उदयसिंह दोघंच. शालूबाईला हा साहेब आहे हे माहीत नव्हतं. तिच्या लेखी चिखलानं माखलेला कुणीतरी गडी.

"पावणं, वढा की जोरानं! सकाळधरनं जेवला न्हाईसा काय?"

उदयसिंहांनी सोललेल्या तळहातानं दोरी धरली आणि जीव खाऊन ओढली. रेडकू सळकन बाहेर आलं. रेडी होती. वर्षाराणीनं तिच्या नाकातला चिकटा पुसला, छाती चोळली, आणि ती शिंकली. शालूबाई मटकन खाली बसली आणि म्हशीच्या गळ्यात हात टाकून रडायला लागली.

चहा पिताना उदयसिंह आपल्या बशीकडंच बघत होते. "तुमी टायर काढून देतो म्हणला हुता," ते म्हणाले.

"शब्द दिलाय, सायेब. तुमी चालवून दाखवलं. म्हणा, म्हणजे पाना आणतो."

"आता आणखी लाजवू नका मॅडम."

"लाजवत न्हाई. मला दोन गोष्टी पाहिजेत. घाटातल्या सगळ्या गाड्यांचा पुढचा टायर बदला, आणि मागचा जसा संपंल तसा. आणि मामांची चूक न्हवती, हे तुमी स्वतः सांगायचं. माझ्याजवळ न्हाई. मिटिंगमध्ये, सगळ्यांच्या देखत."

"पहिलं करतो."

"मग दुसरं बी करा. न्हाईतर पहिलं बी नको. मी हाय तशीच भांडत राहतो."

उदयसिंहांनी बशी खाली ठेवली. "तुमचा बाप काय करतो वो?"

"शेती."

"बरं हाय. ऑफिसात असता तर माझी धडगत न्हवती."

पुढच्या मिटिंगला आकाराम आला. तिनंच ओढून आणला होता. खांदा जुळला होता, पण हात कानाच्या वर जात नव्हता. वर्षभर गोदामात पोती मोजून त्याची चालही मंद झाली होती. उदयसिंह उभे राहिले. हाताला पट्टी होती, आणि ती लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"मी घाटात पडलो," ते म्हणाले. "वेगात न्हवतो. आकाराम बी न्हवता. टायर मी घेतले हुते, ते तिथल्या रस्त्याला चालत न्हाईत. चूक आकारामची न्हाई." मग खाली बसता बसता, "कुणाला हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या."

कोणी हसलं नाही. आकाराम मान खाली घालून बसला होता. त्यानं टोपी काढली आणि परत घातली. एवढंच. बाहेर आल्यावर मात्र तो वर्षाराणीला म्हणाला, "पोरी, म्हशीपाशी एका हातानं काम करता येतंय का बघू या."

त्या आठवड्यात सम्राटच्या दुकानासमोर घाटातल्या गाड्या ओळीनं लागल्या. कृष्णातची पहिली. उदयसिंह स्वतः उभे राहून प्रत्येक टायरमध्ये नख रुतवून बघत होते आणि सम्राटशी हुज्जत घालत होते. शेवटी ते वर्षाराणीकडं वळले. "एक वर्ष बघतो. तुमचा मागचा टायर टिकला तर ठीक. न्हाई टिकला तर?"

"तर तिसरा शोधू," ती हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली. "जुना परत बसणार न्हाई."

आणि तिनं गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला लावली.